सॅलरी कॅप, नवे संघ आणि टिकणारा दावेदार : एनएचएलमध्ये पैसे नेमके कशाचे मोजायचे?

हिमरेषा

नमस्कार मंडळी. दर मे महिन्यात टोरांटोचे लीफ्स हरले की इथल्या क्रिकेटच्या धाग्यांवर आइस हॉकीचं अवांतर सुरू होतं आणि चांगले मुद्दे तिथेच हरवतात. म्हणून हा वेगळा धागा. सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) काळात एखादा संघ एक चषक जिंकून विरून न जाता सात-आठ वर्षं दावेदार कसा राहतो? आणि लीगमध्ये नवे संघ आले की या सगळ्याचं काय होतं?

जे एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) पाहत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. मालक आणि खेळाडूंच्या वादात २००४–०५चा अख्खा हंगाम रद्द झाला आणि त्यातून कॅप आली. पहिल्या वर्षी ती दर संघाला ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५–२६ला ९ कोटी ५५ लाख. मर्यादा कडक आहे, बास्केटबॉलसारखा जादा कर भरून ओलांडता येत नाही. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, तेवढा बोजा दर हंगामाला कॅपवर पडतो. अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये (तरुण खेळाडूंची दर वर्षीची निवड, संघ आळीपाळीने निवडतात) घेतलेल्या मुलाचा पहिला करार तीन वर्षांचा आणि स्वस्त असतो. पुढे साधारण सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्याच्यावरचा हक्क संघाकडेच राहतो. म्हणजे पाय सगळ्यात वेगवान असतात तेव्हा खेळाडू स्वस्त, आणि खुल्या बाजारात येतो तेव्हा उतार जवळ आलेला.

माझं मत असं, की पुढच्या कामाचे पैसे देणारा संघ टिकतो. मागच्या कामाचे देणारा संपतो.

कोलोरॅडोने जुलै २०१६मध्ये नेथन मॅकिननशी सात वर्षांचा करार केला, वर्षाला ६३ लाख. पोरगा वीस वर्षांचा, आदल्या हंगामात ५२ गुण (खेळाडूचे गुण म्हणजे गोल अधिक गोलला केलेली मदत, संघाचे गुण म्हणजे गुणतक्त्यातले). पुढच्या हंगामात तर सगळा संघच ४८ गुणांवर लीगच्या तळाशी गेला. पण त्यानंतरच्या वर्षी मॅकिननने एकट्याने ९७ गुण केले, आणि २०२२चा चषक आला तेव्हाही तो ६३ लाखांवरच खेळत होता. पुढचा करार बरोबर दुप्पट, १ कोटी २६ लाखांचा. मधल्या सहा-सात वर्षांत जो फरक वाचला त्यात बाकीचा संघ उभा राहिला.

उलट बाजूला शिकागो. २०१०, २०१३, २०१५ असे तीन चषक. त्यांनी टेव्ज आणि केन यांना प्रत्येकी १ कोटी ५ लाख दिले, आठ वर्षांसाठी. करार लागू झाला २०१५–१६ला, कॅप होती ७ कोटी १४ लाख. २०१७ला नॅशव्हिलने त्यांना पहिल्याच फेरीत ४–० असं झोपवलं, २०१८ला प्लेऑफही नाही.

तुम्हाला काय वाटतं?

शिकागोकर

लेख आवडला, पण केनवर अन्याय झालाय. नव्या कराराच्या पहिल्याच हंगामात, २०१५–१६ला, तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि गुणांच्या यादीतही पहिला आला. त्याचे पैसे वसूल झाले. खरं ओझं ब्रेंट सीब्रुकचं होतं. सप्टेंबर २०१५मध्ये तिशीतल्या बचावपटूला आठ वर्षं, वर्षाला ६८ लाख ७५ हजार. तो करार तीन चषकांचे आभार मानण्यासाठी होता, याबद्दल तुमच्याशी सहमत.

आणि असे आभार मानले की बिल तरुण पोरं भरतात. ब्रँडन साद कोलंबसला गेला. ब्रायन बिकेलचा पगार कोणीतरी उचलावा म्हणून तेउवो तेराव्हाइनेन कॅरोलायनाला देऊन टाकला. एकवीस वर्षांचा, हातात जादू असलेला खेळाडू, आणि बदल्यात ड्राफ्टमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या निवडी. मला सीब्रुकपेक्षा तो व्यवहार जास्त लागला.

मेपलवासी

टोरांटोकरांच्या वतीने बाजू मांडतो. टव्हारेस, मॅथ्यूज, मार्नर, नीलँडर या चौघांचे मिळून सुमारे ४ कोटी ५ लाख. कॅप ८ कोटी १५ लाख. अर्धा पगार चार जणांत, हे सगळे म्हणतात. पण करार झाले २०१८ आणि २०१९मध्ये, तेव्हा कॅप दर वर्षी वाढणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मग कोविड आला, प्रेक्षक बंद झाले आणि कॅप तीन हंगाम ८ कोटी १५ लाखांवरच गोठली. पुढे दोनदा दहा-दहा लाखांनी वाढली, बस. वाढली असती तर तिसऱ्या-चौथ्या फळीला (आक्रमक तिघातिघांच्या फळ्यांत खेळतात, पहिली सगळ्यात भारी) पैसे मिळाले असते. त्यांनी पुढच्याच कामाचे पैसे दिले होते, हिमरेषा. नशीब फिरलं.

हिमरेषा

@मेपलवासी, कोविडचा मुद्दा मान्य, तो कोणाच्याच हातात नव्हता. पण वर्षं पाहा. मॅथ्यूज पाच वर्षं, मार्नर सहा, नीलँडर सहा. वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूला खुल्या बाजारातली किंमत द्यायची आणि खुल्या बाजारातली वर्षं मात्र विकत घ्यायची नाहीत, हे मला कधीच पटलं नाही. मॅकिनन सात वर्षांसाठी ६३ लाख, मॅथ्यूज पाच वर्षांसाठी १ कोटी १६ लाख. पाच वर्षं सरली आणि मॅथ्यूज १ कोटी साडेबत्तीस लाखांवर गेला. जुलै २०२५ला मार्नर व्हेगसला गेला, बदल्यात निकोलस रॉय. नऊ हंगाम खेळलेला, शंभर गुणांचा खेळाडू असा गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आकडेमोड

थोडा वेगळा कोन. टँपाकडे पाहा. सगळे स्टॅमकोस आणि हेडमन म्हणतात, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या निवडी. पण कुचेरोव ५८वा, ब्रेडन पॉइंट ७९वा, पलाट २०८वा. कुचेरोवने २०१८–१९ला १२८ गुण केले तेव्हा त्याचा बोजा ४८ लाखांच्या आतच होता.

तरीही त्या वर्षी काय झालं? नियमित हंगामात ६२ विजय आणि पहिल्या फेरीत कोलंबसकडून ०–४. चषक आला पुढच्या वर्षी, आणि त्याचं कारण मी तिसऱ्या फळीत शोधतो. फेब्रुवारी २०२०मध्ये त्यांनी ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रो आणले, दोघांसाठी पहिल्या फेरीची एकेक निवड मोजून. तेव्हा बऱ्याच जणांनी भुवया उंचावल्या. पण कोलमनचा पगार १८ लाख आणि गुड्रोचा दहा लाखांहूनही कमी! निवड मोजली ती या कमी पगारासाठी. मध्ये यानी गूर्ड उभा केला आणि ती फळी दोन वर्षं समोरच्यांच्या पहिल्या फळीच्या अंगावर सोडली. कोपऱ्यात पक (खेळायची रबरी चकती) अडकला की आधी गुड्रो धडकणार, मागून कोलमन पक काढणार आणि गूर्ड गोलसमोर पोचलेला असणार. समोरच्या कोट्यधीशांना आपल्या हद्दीतून बाहेर पडायला चाळीस सेकंद लागायचे आणि तोवर बदलीची वेळ झालेली.

२०२१च्या उन्हाळ्यात ती फळी अख्खी गेली. कोलमन कॅलगरीला, गुड्रो रेंजर्सकडे, आणि गूर्डला सिअॅटलच्या नव्या संघाने विस्तार-ड्राफ्टमध्ये (नव्या संघासाठीच्या निवडीत) उचललं. दुसरा चषक जिंकल्याला महिनाही झाला नव्हता.

नागपुरी_संत्रं

मी हॉकी पाहत नाही, पण धागा सोडवत नाही. आयपीएलमध्ये २०२२ला हेच झालं ना? दोन नवे संघ आले, मेगा लिलाव झाला, पाच वेळा जिंकलेली मुंबई चौघांना ठेवू शकली आणि त्या वर्षी दहावी आली. आणि गुजरात टायटन्स पहिल्याच वर्षी विजेते. एनएचएलमध्ये नव्या संघाला खेळाडू मिळतात कसे?

आकडेमोड

@नागपुरी_संत्रं, चांगला प्रश्न. मोठा फरक हा, की आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी पाटी कोरी होते, त्यामुळे कोणालाच दहा वर्षांचा संघ बांधता येत नाही. इथे पाटी कोरी होत नाही. नवा संघ प्रत्येक जुन्या संघाकडून एक खेळाडू घेतो. जुने संघ आपापली यादी झाकतात, म्हणजे त्या खेळाडूंना नव्या संघाला हात लावता येत नाही : सात आक्रमक, तीन बचावपटू, एक गोलरक्षक, किंवा कोणतेही आठ आणि एक गोलरक्षक. व्यावसायिक हॉकीत पहिलं-दुसरं वर्ष असलेली मुलं आपोआप सुरक्षित. आणि ज्यांच्या करारात 'आम्हाला हलवता येणार नाही' असं कलम आहे त्यांना झाकावंच लागतं, खेळाडूने स्वतःहून ते कलम सोडलं तरच सुटका.

व्हेगसने २०१७ला प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर भरले आणि पहिल्याच हंगामात अंतिम फेरी गाठली. तिथे वॉशिंग्टनकडून हरले, पण तुमच्या गुजरातशी नातं जुळतंय.

मिनेसोटाची_माई

या कलमाबद्दल आमच्याकडे बोलण्यासारखं बरंच आहे.

२०१२ला आमच्या मिनेसोटा वाइल्डने झॅक पॅरिसे आणि रायन सूटर यांना एकाच दिवशी आणलं. प्रत्येकी तेरा वर्षं, ९ कोटी ८० लाख. दोघांच्याही करारात ते कलम. गावात दिवाळी होती, आणि मला त्या दिवसाचा आजही राग नाही. चांगले खेळाडू मिनेसोटात यायला तयार झाले, हीच मोठी गोष्ट होती.

पण २०१७ला व्हेगसचा ड्राफ्ट आला. डंबा आणि स्कँडेला यांना झाकायला जागा उरली नव्हती. त्यांना हात लावू नका, एरिक हाउला घ्या, म्हणून वरून अॅलेक्स टक देऊन टाकला. पहिल्या फेरीत निवडलेला, सव्वासहा फुटी, एकवीस वर्षांचा मुलगा. मग २०२१ला सिअॅटल आलं. जागांची तीच अडचण. ड्राफ्टच्या आठवडाभर आधी पॅरिसे आणि सूटर या दोघांचेही करार पैसे देऊन मोडले. जागा मोकळ्या झाल्या, पण मोडलेल्या कराराचा बोजा कॅपवर बसला : २०२२–२३ला सुमारे १ कोटी २७ लाख, पुढची दोन वर्षं सुमारे १ कोटी ४७ लाख. बर्फावर नसलेल्या दोन माणसांसाठी.

आणि टक? त्याला व्हेगसने २०२१मध्ये बफेलोला दिलं आणि जॅक आयकेल आणला. आयकेलने २०२३ला चषक उचलला. त्या वर्षी आम्ही १ कोटी २७ लाख वाया घालवून पहिल्या फेरीत डॅलसकडून हरलो. सूटर डॅलसकडूनच खेळत होता.

हिमरेषा

माई, नमस्कार! कॅप आणि विस्तार हे दोन वेगळे विषय नाहीत, हे तुमच्या प्रतिसादात जसं दिसतं तसं मला मांडता आलं नसतं. लांब करार नुसता पगार खात नाही, नवा संघ येतो तेव्हा झाकायची जागाही खातो.

आकडेमोड

माईंच्या प्रतिसादाला एक जोड. करार मोडण्यामागे फक्त सिअॅटल नव्हतं. ते तेरा वर्षांचे करार जुन्या नियमांतले, शेवटच्या वर्षांत पगार मुद्दाम कमी ठेवलेले. असा खेळाडू मध्येच निवृत्त झाला तर आधी वाचवलेली कॅप संघाकडून वसूल होते. ती टांगती तलवारही होतीच. म्हणून २०१३पासून स्वतःच्या खेळाडूला आठ आणि बाहेरच्याला सात वर्षं अशी मर्यादा आली, आणि लीग व खेळाडूंच्या सप्टेंबर २०२६पासूनच्या नव्या करारनाम्यात ती सात आणि सहावर येते.

बेएरियाकर

सॅन होजेचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. २००४ ते २०१९ या काळात शार्क्स एकच वर्ष प्लेऑफला मुकले. चषक नाही, पण सातत्य पाहायचं तर आमच्याकडे यावं.

२३ एप्रिल २०१९, व्हेगसविरुद्ध सातवा सामना, आमचं स्टेडियम शार्क टँक. तिसऱ्या सत्रात ०–३ मागे. फेसऑफनंतर कप्तान जो पव्हेल्स्की धक्क्याने मागे पडला, हेल्मेट बर्फावर आपटलं, डोक्यातून रक्त. सगळं स्टेडियम गप्प. व्हेगसच्या ईकिनला पाच मिनिटांची मोठी शिक्षा झाली आणि त्या एका पॉवर प्लेमध्ये (समोर एक खेळाडू कमी असताना) शार्क्सने चार गोल केले. व्हेगसने शेवटच्या मिनिटात बरोबरी साधली, मग जादा वेळेत गोल कोणी केला? वर ज्याचं नाव आलं त्या बार्कले गुड्रोने.

त्याच उन्हाळ्यात एरिक कार्लसनला आठ वर्षांसाठी दर वर्षी १ कोटी १५ लाख दिले. बर्न्स आणि व्हलासिक यांचे लांब करार आधीच होते. पव्हेल्स्की, त्या हंगामात ३८ गोल केलेला आमचा कप्तान, डॅलसला गेला. गुड्रो पुढच्या फेब्रुवारीत टँपाला. तो गेला तिथे दोन चषक जिंकला आणि आम्ही २०२३–२४ला ४७ गुणांवर लीगच्या तळाशी.

हिमरेषांच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. तिशीतल्या बचावपटूंना दिलेल्या आठ वर्षांनी आमचा संघ संपवला, दुसऱ्या कशाने नाही.

पावसाळी_सिअॅटल

सिअॅटल क्रॅकनच्या वतीने हजेरी. लोक विचारतात व्हेगसला जमलं ते तुम्हाला का नाही जमलं. आमची प्रवेशाची फी ६५ कोटी, त्यांच्यापेक्षा १५ कोटी जास्त. नियम तेच. फरक समोरच्या व्यवस्थापकांत होता.

२०१७ला सगळे घाबरले होते. आपला कोणीतरी जाणार या भीतीने त्यांनी वरून माल दिला. अॅनाहाइमने क्लेटन स्टोनरचा पगार उचला म्हणून शे थिओडोर दिला. कोलंबसने क्लार्कसनचा करार घ्या म्हणून पहिल्या फेरीची निवड दिली, आणि व्हेगसने त्यांच्याकडून उचलला विल्यम कार्लसन. त्याने पहिल्याच हंगामात ४३ गोल मारले. फ्लोरिडा पँथर्सकडून मार्शेसो आणि रायली स्मिथ दोघंही मिळाले. २०२१पर्यंत सगळे शहाणे झाले होते. एक जाणार तर जाऊ दे, म्हणाले. आम्हाला जादा काही मिळालं नाही आणि पहिलं वर्ष ६० गुणांवर आटोपलं.

पण पुढच्या वर्षी शंभर गुण आणि प्लेऑफमध्ये समोर गतविजेते कोलोरॅडो. ३० एप्रिल २०२३, डेन्व्हर, सातवा सामना, आम्ही २–१ जिंकलो. दोन्ही गोल ऑलिव्हर ब्यर्कस्ट्रांडचे. तो आमच्याकडे कसा आला? २०२२ला कोलंबसने गॉड्रो आणि लाइनेला पैसे दिले, कॅप भरली, म्हणून ब्यर्कस्ट्रांड आम्हाला तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या निवडींवर मिळाला. आणि गोलमध्ये ग्रूबाउअर, जो आधी कोलोरॅडोचाच होता. त्या रात्री मी शेजाऱ्यांना उठवलं, त्यांनी माफही केलं.

मेपलवासी

व्हेगसचं कौतुक करताना एक विसरू नका. २०१७च्या तरुणांच्या नेहमीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत त्यांनी तिघं घेतले : ग्लास, सुझुकी, ब्रॅनस्ट्रम. तिघंही विकले. सुझुकी आज माँट्रियलचा कप्तान आहे. फ्लरी सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मिळवून महिनाही झाला नव्हता तोच शिकागोला, बदल्यात जवळजवळ काहीच नाही. मार्शेसो २०२३च्या प्लेऑफचा मानकरी, पुढच्या वर्षी नॅशव्हिलला. असा संघ टिकेल, पण मला माझा म्हणता येणार नाही.

हिमरेषा

@मेपलवासी, भावना समजते, पण ब्रॅनस्ट्रम देऊन त्यांनी मार्क स्टोन आणला, जो पुढे कप्तान झाला. भविष्य विकलं ते सव्विशीतल्या खेळाडूसाठी, पस्तिशीतल्या नव्हे.

फ्लोरिडाही असाच बांधलाय. बार्कोव आणि एकब्लॅड ड्राफ्टमधले, बाकी बरेच दुसऱ्यांनी सोडलेले. फोर्सलिंगला कॅरोलायनाने जानेवारी २०२१ला वेव्हर्सवर टाकलं (म्हणजे हवा त्याने घ्या असं सोडून दिलं) आणि फ्लोरिडाने फुकटात उचललं. व्हरहेगी टँपाने सोडलेला, दोन वर्षं दहा-दहा लाखांवर आला. सॅम बेनेट कॅलगरीला नकोसा झाला होता, २०२५च्या प्लेऑफचा मानकरी ठरला. २०२४ आणि २०२५, दोन चषक. आणि आता? २०२५च्या उन्हाळ्यात बेनेटला आठ वर्षं, एकब्लॅडला आठ, सदतिशीच्या मार्शंडला सहा. मी त्या संघावर प्रेम करतो, पण हे तिन्ही करार पाहून मला २०१५चं शिकागो आठवतं.

शिकागोकर

फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, हेही मांडायला हवं. टँपा, फ्लोरिडा, व्हेगस, डॅलस, चौघांनाही तो फायदा. टोरांटोत किंवा माँट्रियलमध्ये तेवढेच डॉलर हातात यायला करार मोठा करावा लागतो.

आकडेमोड

कराचा फायदा खरा आहे, पण फ्लोरिडा संघ १९९६च्या अंतिम फेरीनंतर २०२२पर्यंत प्लेऑफची एकही मालिका जिंकला नव्हता. कर तेव्हाही शून्यच होता. चांगल्या व्यवस्थापनाच्या हातात तो उपयोगी पडतो, एवढंच.

मिनेसोटाची_माई

पुढच्या विस्ताराबद्दल कोणाला काय वाटतं? अटलांटाचं नाव सारखं येतं. त्या शहराने दोन संघ गमावलेत, १९८०ला फ्लेम्स कॅलगरीला आणि २०११ला थ्रॅशर्स विनिपेगला. ह्यूस्टनचंही नाव असतं.

मला काळजी आमची. किरिल काप्रिझोवला आठ वर्षं, दर वर्षी १ कोटी ७० लाख. २०२६–२७पासून लागू. पाचव्या फेरीतला, १३५वा निवडलेला मुलगा, त्याच्यासारखा खेळाडू मी मिनेसोटात पाहिलेला नाही. पण पुन्हा एक मोठा करार, आणि पुन्हा नवा संघ दाराशी.

हिमरेषा

माई, या वेळी फरक आहे. कॅप २०२६–२७ला १० कोटी ४० लाख आणि त्यापुढच्या वर्षी ११ कोटी ३५ लाखांवर जाणार आहे, म्हणजे काप्रिझोवचा वाटा वर्षागणिक कमी होईल. तो असाही पहिल्या सातांत झाकलाच जाईल. मी वाइल्डचा व्यवस्थापक असतो तर ते कलम त्याच्याशिवाय फार थोड्यांना दिलं असतं, आणि तिशीपलीकडच्या एकाही बचावपटूला दिलं नसतं.

मालकांना मात्र विस्तार हवाच असतो. प्रवेशाची फी खेळाडूंबरोबर वाटल्या जाणाऱ्या उत्पन्नात धरली जात नाही, ती सगळी मालकांत विभागली जाते. व्हेगसचे ५० कोटी तीस संघांत, म्हणजे प्रत्येकी सुमारे १ कोटी ६७ लाख. तेवढ्यासाठी प्रत्येक संघ एक खेळाडू देतो, आणि तो बहुधा टँपाच्या गूर्डसारखा तिसऱ्या फळीतला असतो, ज्याच्यामुळे चषक येतो.

बेएरियाकर

मग आमच्या तरुण सेलेब्रिनीचं काय करावं? पहिला करार २०२६–२७ला संपतोय.

हिमरेषा

नियम देईल तेवढी सगळी वर्षं आणि पहिल्या दिवशी सही. तो मागेल ते थोडं जास्त वाटेल, तरी द्यावं. आणि त्यानंतर येणाऱ्या पैशांत तिशीतला कोणी मोठा बचावपटू बाजारात दिसला तर शार्क्सनी त्या उन्हाळ्यात फोन उचलू नये.